संरक्षित क्षेत्रातील दुर्मीळ भुंगेऱ्यांचे आणि त्यांच्या अधिवासाचे सर्वेक्षण कसे करावे

दुर्मीळ भुंगेऱ्याच्या शोधात निघालेला माणूस बहुधा भुंगेऱ्यावरच डोळा ठेवून चालतो, आणि तिथेच त्याचे सर्वेक्षण अर्धे फसते. प्रौढ भुंगेरा हा त्या किड्याच्या आयुष्याचा अखेरचा आणि पुष्कळदा सर्वांत छोटा टप्पा असतो. अनेक प्रजातींत तो वर्षातून काही आठवडेच बाहेर दिसतो. त्याआधीचे कित्येक महिने, आणि लाकडावर जगणाऱ्या मोठ्या प्रजातींत कित्येक वर्षे, तो अळीच्या रूपाने कुजलेल्या खोडात, ढोलीतल्या भुशात, शेणाखाली किंवा वाळूतल्या बिळात काढतो. त्यामुळे ज्या अहवालात भुंगेऱ्यांची संख्या आहे पण त्यांच्या घराची मोजदाद नाही, तो अहवाल वाचून क्षेत्राच्या व्यवस्थापकाला काय राखावे आणि काय बदलावे हे कळत नाही. पुढील मार्गदर्शन ज्यांना किड्यांची प्राथमिक ओळख आहे आणि संरक्षित क्षेत्रात जबाबदारीने काम करायचे आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी लिहिले आहे.

प्रश्न ठरवणे आणि परवानगी मिळवणे

सर्वेक्षणाचा प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहिता आला पाहिजे. अमुक प्रजाती या क्षेत्रात आहे की नाही, असल्यास साधारण किती आहे, आणि मागील काळाच्या तुलनेत तिची स्थिती कशी आहे, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत व प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे. पहिल्यासाठी जास्तीत जास्त ठिकाणे धुंडाळावी लागतात, दुसऱ्यासाठी त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन मोजणी करावी लागते, आणि तिसऱ्यासाठी मागच्या सर्वेक्षकाने जे केले तेच, त्याच हंगामात आणि तितक्याच कष्टाने करावे लागते, मग त्याची पद्धत आपल्याला कितीही जुनाट वाटो. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच फेरीत मिळवण्याच्या हव्यासाने एकाचेही धड उत्तर हाती लागत नाही.

परवानगीच्या बाबतीत नवखे लोक एक चूक हमखास करतात. जागेत प्रवेश करण्याची परवानगी आणि त्या प्रजातीला हात लावण्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. युरोपीय संघाच्या 1992 च्या अधिवास निर्देशानुसार ऑस्मोडर्मा एरेमिटा, रोझालिया अल्पिना, सेराम्बिक्स सेर्डो अशा काटेकोर संरक्षण असलेल्या भुंगेऱ्यांना मुद्दाम पकडण्यास किंवा मारण्यास तर बंदी आहेच, पण त्यांच्या प्रजननाच्या आणि विश्रांतीच्या जागांची हानी करण्यासही बंदी आहे. म्हणजे अशी प्रजाती असलेले कुजके खोड 'जरा आत काय आहे ते पाहू' म्हणून फोडणे हेही कायद्याचे उल्लंघन ठरू शकते. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असल्याने अर्जात कोणती पद्धत, किती सापळे, किती दिवस, नमुने मारून ठेवणार की जिवंत सोडणार आणि चुकून अडकलेल्या इतर जिवांचे काय करणार, हे सर्व स्पष्ट लिहावे. हे लिहितानाच आपल्या आराखड्यातल्या उणिवा आपल्याला दिसू लागतात.

घराची मोजदाद

कामाचा सर्वाधिक वेळ इथे द्यावा असे माझे ठाम मत आहे. आधी त्या प्रजातीची अळी काय खाते आणि कुठे वाढते हे वाचून काढावे, आणि मग क्षेत्राच्या नकाशावर तशा सर्व जागा, भुंगेरा दिसो वा न दिसो, एकेक करून नोंदवाव्यात.

ढोलीत राहणाऱ्या प्रजातींचे उदाहरण घेऊ. ऑस्मोडर्मा एरेमिटा जुन्या, जिवंत पण पोकळ झालेल्या झाडांच्या ढोलीत साठलेल्या लाकडाच्या भुशात वाढतो, आणि अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत त्याला साधारणपणे तीन-चार वर्षे लागतात. स्वीडनमध्ये भुंगेऱ्यांना खुणा करून केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की सुमारे 15 टक्के प्रौढच आपले जन्माचे झाड सोडून दुसरीकडे जातात. बाकीचे त्याच ढोलीत जगतात, वितात आणि मरतात. या एका माहितीने सर्वेक्षणाचे स्वरूप बदलते. प्रत्येक पोकळ झाड ही जवळजवळ स्वतंत्र वस्ती ठरते, आणि दोन पोकळ झाडांमधले अंतर मोजणे हे भुंगेरे मोजण्याइतकेच महत्त्वाचे होते. म्हणून अशा प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. झाडाची जात, जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवरचा घेर, ढोलीच्या तोंडाची उंची आणि दिशा, आत भुसा आहे का व तो कोरडा, ओलसर की चिखलासारखा आहे, खोडावर ऊन किती वेळ पडते, आणि भोवती वाढलेली तरुण झाडे त्यावर सावली धरू लागली आहेत का, हे सर्व लिहावे. याच तक्त्यात आणखी एक स्तंभ असावा, जो बहुतेकांच्या तक्त्यात नसतो: आजची पोकळ झाडे कोसळतील तेव्हा त्यांची जागा घेतील अशी मध्यम वयाची झाडे जवळपास आहेत का? दोनशे वर्षांची झाडे आहेत आणि वीस वर्षांची आहेत, पण मधल्या वयाची एकही नाहीत, असे चित्र दिसले तर आज ढोलीत कितीही भुंगेरे असले तरी ती वस्ती धोक्यात आहे असे अहवालात लिहावे लागते.

मृत लाकडाची नोंद करताना उभे आणि पडलेले लाकूड वेगळे धरावे. व्यास, साल शिल्लक आहे की गळून गेली, लाकूड नखाने दाबले तर दबते का, बुरशीची छत्रे कुठल्या बाजूला आहेत, ऊन की सावली, या साध्या निरीक्षणांवरून कुजण्याची अवस्था ठरवता येते. एकाच ओंडक्याची उन्हातली बाजू आणि जमिनीला टेकलेली बाजू यांत राहणारे भुंगेरे पार वेगळे असतात. लाकूड पोखरणाऱ्या भिरुडांच्या कुळातल्या रोझालिया अल्पिनाची मादी उन्हात तापलेल्या मृत लाकडावर, विशेषतः बीचच्या झाडांवर, अंडी घालते. जंगलात तोडून ठेवलेले ओंडक्यांचे ढीग तिला आदर्श घर वाटतात; ते ढीग उचलून जळणासाठी नेले, की अळ्यांची अख्खी पिढी त्यांच्याबरोबर जाते. म्हणून सर्वेक्षणाच्या फेरीत लाकडाचे ढीग दिसले तर त्यांची जागा आणि तारीख नोंदवावी व ते कधी हलवले जाणार हे विचारून ठेवावे.

वाळूवर, नदीच्या बांधावर किंवा खारट चिखलावर राहणाऱ्या टायगर बीटल या चपळ, शिकारी भुंगेऱ्यांच्या अळ्या उभ्या बिळात राहतात, आणि बिळाचे तोंड म्हणजे पेन्सिलीने पाडल्यासारखे गोल, स्वच्छ छिद्र असते. इथे मोकळ्या जमिनीचे प्रमाण, ओल, झुडपांचे अतिक्रमण आणि पायाखाली तुडवली जाणारी पट्टी मोजावी. आणि आपणही तुडवणाऱ्यांपैकीच एक आहोत हे लक्षात ठेवून चालण्याची एकच वाट आखून घ्यावी. शेणकिड्यांसाठी कुठली जनावरे चरतात, वर्षभर चरतात का, आणि त्यांना जंतनाशके कधी दिली जातात, हे पशुपालकाला विचारणे अत्यावश्यक आहे, कारण आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणात वाढणाऱ्या अळ्यांना मारक ठरतो. हिरवेगार कुरण आणि भरपूर शेण असूनही शेणकिडे का नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा औषधांच्या वहीत सापडते.

खुणा ओळखणे

भुंगेरा न पकडताही त्याचा पत्ता लागतो. ढोलीच्या तळाशी किंवा झाडाच्या बुंध्याशी पडलेल्या भुशात अळीच्या विष्ठेच्या लांबट, बोथट गोळ्या मिळतात. मोठ्या प्रजातींच्या गोळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लाकडातून बाहेर पडतानाची छिद्रेही बोलकी असतात: धातूसारख्या चमकदार ज्वेल बीटलची छिद्रे अनेकदा एका बाजूने सपाट, इंग्रजी 'डी' अक्षरासारखी असतात, तर भिरुडांच्या कुळातली छिद्रे गोल किंवा लंबगोल असतात. छिद्राची कड टोकदार आणि आतले लाकूड उजळ असेल तर ते ताजे समजावे. कड झिजून काळवंडली असेल, कोळ्यांनी जाळे विणले असेल, तर ते मागच्या काही हंगामांचे असू शकते. मेलेल्या भुंगेऱ्यांचे अवशेष, म्हणजे डोके, जबडे आणि पाठीवरचे कठीण कवचपंख, पक्ष्यांच्या विष्ठेत, कोळ्यांच्या जाळ्यात आणि ढोलीच्या भुशात टिकून राहतात, आणि जाणकाराला त्यावरून प्रजातीही सांगता येते. असे अवशेष जपून ठेवण्यासाठी छोट्या डब्या नेहमी खिशात असाव्यात.

भुसा तपासायचा झाल्यास वरचा थोडासाच थर चमच्याने काढावा, पांढऱ्या ताटात पसरून पाहावा आणि तोच भुसा त्याच ढोलीत परत ठेवावा. ढोली रिकामी करू नये. सैल साल उचकटणे, दगड उलटवून तसेच सोडणे, खोड कुऱ्हाडीने फोडणे या गोष्टींनी जो अधिवास तयार व्हायला कित्येक दशके लागतात तो पाच मिनिटांत नाहीसा होतो. ही बाब मी विनंती म्हणून लिहीत नाही. संरक्षित क्षेत्रात तिला अपवाद नसावा.

शोधण्याच्या आणि पकडण्याच्या पद्धती

सर्वांत सौम्य पद्धतीपासून सुरुवात करावी. ठरवलेल्या वाटेवरून ठरावीक वेगाने चालत दिसणारे भुंगेरे मोजणे ही मोठ्या, दिसणाऱ्या प्रजातींसाठी पुरेशी असते. लुकॅनस सर्वस हा हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेला भुंगेरा संध्याकाळी संधिप्रकाशात उडतो, तेव्हा त्याच वेळी, वारा आणि पाऊस नसताना, उबदार दिवशी फेरी मारावी. काजवे हेही भुंगेरेच असल्याने त्यांची गणती अंधार पडल्यावर, टॉर्च बंद ठेवून करावी. फांदीखाली पांढरे कापड ताणून काठीने फांदीवर दोन-तीन हलके फटके मारले की पाने आणि डहाळ्यांवरचे भुंगेरे कापडावर पडतात. गवतासाठी हातजाळी वापरावी, पण फुलांचा हंगाम आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा काळ सांभाळून.

जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी पेला जमिनीत पुरून केलेला खड्ड्याचा सापळा जगभर वापरला जातो. पेल्याची कड जमिनीच्या अगदी पातळीत हवी. ती केसभर वर राहिली तरी छोटे भुंगेरे वळसा घालून निघून जातात. वर पावसापासून आडोसा म्हणून खुंट्यांवर टेकवलेले झाकण द्यावे, आणि बेडूक, सरडे, उंदीर पडू नयेत म्हणून तोंडावर जाळी बसवावी. नमुने टिकवण्याचे द्रव वापरायचेच असेल तर प्रोपिलिन ग्लायकॉल घ्यावे, कारण इथिलिन ग्लायकॉल सस्तन प्राण्यांना विषारी असते. परंतु दुर्मीळ प्रजाती असण्याची शक्यता असलेल्या जागी कोरडा, जिवंत पकडणारा सापळाच योग्य. त्यात लपायला पाने घालावीत, नाहीतर भक्षक भुंगेरे सोबत्यांना खाऊन टाकतात, तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके पाडावीत, आणि तो दररोज तपासावा. रोज जाणे जमणार नसेल तर सापळा लावू नये. आणखी एक गोष्ट आकडे वाचताना विसरली जाते: या सापळ्यात येणारी संख्या ही भुंगेऱ्यांची घनता दाखवत नाही, ती त्यांची घनता आणि हालचाल यांचे मिश्रण दाखवते. उबदार रात्री आणि विरळ गवतात तेवढेच भुंगेरे जास्त संख्येने पेल्यात पडतात.

मेलेल्या प्राण्यांना पुरून त्यांवर पिल्ले वाढवणारा निक्रोफोरस अमेरिकॅनस अमेरिकेत 1989 साली संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला आणि 2020 साली त्याचा दर्जा बदलून 'धोक्यात असलेला' असा, म्हणजे एक पायरी कमी गंभीर, झाला. त्याच्यासाठी कुजलेल्या मांसाचे आमिष घातलेले सापळे वापरतात, आणि ते सकाळी लवकर तपासावे लागतात, कारण ऊन चढले की पेल्यातला भुंगेरा उष्णतेने मरतो. हीच काळजी पाण्यातल्या सापळ्यांत उलट्या बाजूने घ्यावी लागते: जलभुंगेरे हवा घ्यायला पृष्ठभागावर येतात, त्यामुळे पूर्ण बुडवलेल्या बाटलीत ते गुदमरतात. बाटलीत हवेची जागा राहील अशीच ती बसवावी. एका पाणथळीतून दुसऱ्या पाणथळीत जाताना बूट आणि जाळ्या धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवाव्यात, म्हणजे उभयचरांचे बुरशीजन्य रोग आपल्या पायांनी पसरणार नाहीत.

झाडांवरच्या उडणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी पारदर्शक तावदान आणि त्याखाली नरसाळे असा सापळा ढोलीच्या तोंडासमोर टांगतात. तावदानाला धडकलेला भुंगेरा पंख मिटून खाली पडतो. ऑस्मोडर्मासाठी याहून सुंदर उपाय 2003 मध्ये हाती आला. त्याचा नर माद्यांना बोलावण्यासाठी पीच फळासारखा वास सोडतो आणि त्या वासाचे रसायन गॅमा-डेकॅलॅक्टोन असल्याचे सिद्ध झाले. त्याहून नवल म्हणजे ज्याच्या अळ्या ऑस्मोडर्माच्या अळ्यांना खातात, तो इलेटर फेरुगिनियस नावाचा दुर्मीळ क्लिक बीटलही याच वासाचा माग काढत येतो. त्यामुळे एकाच गंधसापळ्याने शिकार आणि शिकारी या दोघांचीही नोंद मिळू शकते. मात्र गंधाचा सापळा दूरवरचे भुंगेरेही ओढून आणतो, म्हणून ज्या झाडावर तो टांगला त्याच झाडात ते राहतात असा निष्कर्ष काढू नये.

किती फेऱ्या, आणि 'सापडला नाही' याचा अर्थ

समजा भुंगेरा तिथे आहे, आणि एका फेरीत तो आपल्याला दिसण्याची शक्यता 30 टक्के आहे. मग एका फेरीत तो निसटण्याची शक्यता 70 टक्के, आणि पाच स्वतंत्र फेऱ्यांत प्रत्येक वेळी निसटण्याची शक्यता सुमारे 17 टक्के उरते. ती 5 टक्क्यांच्या खाली आणायची तर नऊ फेऱ्या लागतात. हे साधे गणित आधी करून घेतले, तर दोन फेऱ्यांनंतर 'प्रजाती नामशेष झाली' असे लिहिण्याचा मोह होत नाही. म्हणून प्रत्येक फेरीची नोंद, भुंगेरा न दिसल्याचीही, तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, तापमान, वारा, किती जण होते आणि किती झाडे पाहिली या तपशिलांसह करावी. रिकाम्या फेरीची व्यवस्थित नोंद ही पुढच्या सर्वेक्षकाला दिलेली मौल्यवान माहिती असते. ती 'काही मिळाले नाही' म्हणून वहीत न लिहिणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत महागडी चूक आहे.

संख्या हवी असेल तर खुणा करून पुन्हा पकडण्याची पद्धत वापरावी. कवचपंखांवर रंगाचे ठिपके करून 40 भुंगेरे सोडले, नंतरच्या फेरीत 30 मिळाले आणि त्यांतले 6 खुणा केलेले निघाले, तर एकूण अंदाज 40 गुणिले 30 भागिले 6, म्हणजे 200 येतो. हा अंदाज वस्ती बंदिस्त आहे, खुणा पुसल्या जात नाहीत आणि खूण केलेला भुंगेरा इतरांइतकाच सहज सापडतो, या गृहीतकांवर उभा असतो. त्यांपैकी कोणते आपल्या जागी खरे नाही ते अहवालात मांडावे. रंग पंखांच्या मधल्या शिवणीवर लागू देऊ नये, नाहीतर पंख उघडत नाहीत.

ओळख आणि नमुने

चांगले छायाचित्र वरून, बाजूने आणि शक्य झाल्यास खालून असावे, शेजारी मोजपट्टी ठेवून. तरीही अनेक कुळांत प्रजाती फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, कित्येकदा नराच्या जननांगांच्या रचनेवरूनच, निश्चित होते. तिथे ओळख वंशापर्यंतच पटली असेल तर तेवढेच लिहावे. खात्री नसलेले नाव एकदा यादीत गेले की ते तिथून काढायला पिढी जाते. परवान्यात मुभा असेल आणि नमुना ठेवणे खरोखर आवश्यक असेल तर कमीत कमी नमुने घ्यावेत, टाचणी उजव्या कवचपंखातून टोचावी, आणि चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, गोळा करणारा आणि ओळख पटवणारा यांची नावे लिहावीत. चिठ्ठी नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी असतो, म्हणजे तो जीव फुकट गेलेला असतो.

नोंदी कोणाला दाखवाव्या

दुर्मीळ भुंगेऱ्यांना संग्राहकांची बाजारपेठ आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डोंगरमाथ्यांवर राहणारे, उडता न येणारे कोलोफॉन वंशाचे भुंगेरे वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातले गेले आहेत; एखाद्या शिखरापुरतीच वस्ती असलेल्या अशा प्रजातींना काही मोजके चोरही पुरेसे ठरू शकतात. त्यामुळे अचूक अक्षांश-रेखांश क्षेत्राच्या व्यवस्थापनाला आणि अधिकृत नोंदपेढीला द्यावेत, पण सार्वजनिक नकाशावर काही किलोमीटरचा चौकोनच दाखवावा. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात जागेची माहिती दडलेली असते. ते कुठेही पाठवण्याआधी ती पुसून टाकावी. झाडाचा क्रमांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्रही प्रसिद्ध करू नये.

अहवाल व्यवस्थापकाच्या हाती देताना त्याला प्रत्यक्ष करता येईल अशा कामांची यादी झाडांच्या आणि जागांच्या क्रमांकांसह जोडावी: अमुक झाडाभोवतीची तरुण झाडे हळूहळू, दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने विरळ करावीत, अमुक ओंडका जिथे पडला आहे तिथेच राहू द्यावा, अमुक वाळूच्या पट्टीवरून जाणारी पायवाट अळ्यांची बिळे चुकवून वळवावी. धोकादायक फांदी तोडावीच लागणार असेल तर ती ज्या झाडाची आहे त्याच्या बुंध्याशी, शक्यतो उभी किंवा तिच्या मूळ दिशेने ठेवावी, म्हणजे आतल्या अळ्या आपले वाढणे पूर्ण करून बाहेर पडू शकतील. सोबत वापरलेल्या पद्धतीचे इतके तपशीलवार वर्णन द्यावे, की पाच वर्षांनी दुसरे कोणी आले तर त्याला त्याच झाडासमोर, त्याच हंगामात, त्याच वेळी उभे राहता येईल.